वाचकांचे प्रश्न : मोटर चालू आहे तोवरच तिची मापं घ्या

प्रश्न : नमस्कार सर, मी कुंडईला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. लहानमोठ्या मिळून २३ मोटरी आहेत, बऱ्याचशा पंधरा-वीस वर्षं जुन्या. गेल्या महिन्यात सप्लायरचा मेल आला की त्यातली तीन मॉडेलं आता बनणार नाहीत, एक साधी १० एचपीची, एक ब्रेकवाली गिअर मोटर आणि एक वाइंडरची (कागदाचा रोल गुंडाळणाऱ्या मशीनची) डीसी. शेठना दाखवला तर म्हणाले चालतंय ना, मग चालू दे, बंद पडली की बघू. चवथीला आमचं युनिट पाच दिवस बंद असतं, तेव्हा हे सगळं बदलून टाकू का? की सगळ्यांचे स्पेअर घेऊन ठेवू?

उत्तर : दादा, सगळ्यांचे स्पेअर घेऊ नका, पैसे रॅकवर गंजत बसतील. आणि पाच दिवसांत तिन्ही मोटरी बदलायच्या हेही मनातून काढा. तुमच्या तीन मोटरी म्हणजे तीन वेगळी दुखणी आहेत, एका औषधाने बरी होणारी नाहीत.

साध्या १० एचपीचं टेन्शन घेऊ नका. ७.५ किलोवॅट, ४ पोल म्हणजे बहुतेक १३२ ची फ्रेम असणार, पण प्लेटवर बघून खात्री करा. हा १३२ आकडा म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये. पायाची भोकं, शाफ्टची जाडी, उंची हे सगळं स्टँडर्डमध्ये ठरलेलं आहे त्यामुळे त्या कंपनीने बंद केली तरी दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कंपनीची बसते. उलट फायदाच आहे. जुनी आयई १ असेल (आयई म्हणजे एफिशियन्सीचा वर्ग, आकडा मोठा तेवढी वीज कमी) तर तिची एफिशियन्सी ८६ टक्क्यांच्या आसपास, नव्या आयई ३ ची ९०.४. फुल लोडवर रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस चालत असेल तर साधारण २००० युनिट वाचतात. शेठना हा हिशोब दाखवा, मेलपेक्षा तो लवकर पटेल. फक्त दोन गोष्टी बघा. नवी मोटर लांबीला थोडी जास्त असू शकते, मागे फॅन कव्हरला हवा घ्यायला जागा उरते का ते मोजा. आणि ती ब्लोअर किंवा पंपावर असेल तर नव्या मोटरची स्लिप कमी असते, म्हणजे जुनी १४४० ला फिरत होती तर नवी १४६५ ला फिरेल, आकडा छोटा दिसतो पण ब्लोअरचा लोड स्पीडच्या घनाने वाढतो म्हणजे जवळजवळ ५ टक्के जास्त पॉवर ओढणार, मग ओव्हरलोड ट्रिप व्हायला लागला की लोक नव्या मोटरलाच नावं ठेवतात. पुली थोडी बदलली की प्रश्न मिटतो.

खरी काळजी गिअर मोटरची. गिअरबॉक्सची आउटपुट शाफ्ट पोकळ आहे की भरीव, बोअर किती, रेशो किती, टॉर्क आर्म (गिअरबॉक्सला फिरू न देणारा दांडा) कुठल्या बाजूला, ब्रेकची कॉइल किती व्होल्टची, फ्लँज बी ५ (मोठी, आरपार भोकांची) आहे की बी १४ (लहान, आट्यांच्या भोकांची), यातलं एक जरी चुकलं तरी नवी मोटर मशीनवर चढत नाही, किंवा चढली तरी चालत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की मापं आत्ताच घ्या, मोटर चांगली आहे तोवरच, अर्थात मशीन थांबवून. बंद पडल्यावर रात्री अकरा वाजता शेठ डोक्यावर उभे असताना घेतलेली मापं चुकतातच.

मी स्वतः यात फसलोय म्हणून एवढं पोटतिडकीने सांगतोय. अमेरिकेतून आलेल्या एका जुन्या मशीनची मोटर बदलायची होती, नेमा (म्हणजे अमेरिकेचं स्टँडर्ड) फ्रेम २१३टी. आम्ही टेपने पायाची भोकं मोजली, २१६ बाय १४०. आपल्या १३२एस फ्रेमची भोकंही नेमकी तेवढीच! आम्ही खूश, मोटर मागवली, चवथीच्या सुट्टीत बसवायला घेतली, बोल्ट फटाफट बसले आणि कपलिंग काही शाफ्टवर जाईना. जुनी शाफ्ट सव्वा आणि एक अष्टमांश इंच म्हणजे ३४.९३ मिलिमीटर, नवी ३८. चावी (शाफ्ट आणि कपलिंगच्या खाचेत बसते ती पट्टी) जुनी ८ मिलिमीटरला जराशी कमी, नवी १० ची. उंचीही जुनी १३३.३५ होती, नवी १३२. उंचीचं खाली शिम (पातळ पत्रा) घालून निभावलं असतं, पण कपलिंगला नवं बोअर आणि नवा की-वे (चावीची खाच) पाडायचा तर लेथ उघडी पाहिजे ना, आणि चवथीला फोंड्यात कोण दुकान उघडं ठेवणार! तीन दिवस ती मोटर तशीच बेडवर बसून राहिली. तेव्हापासून मी भोकांच्या आधी शाफ्टला व्हर्नियर लावतो.

आता कामाला कसं लागायचं ते सांगतो. एक साधी शंभर पानी वही घ्या, एका मोटरला एक पान. नेमप्लेट वाचता येत नसेल तर ती खरवडू नका, आकडे जातील. मशीन बंद करून, मेन काढून, फडक्याला थोडं थिनर लावून वरचा रंग हळूहळू पुसा, मग पातळ कागद प्लेटवर धरून शिसपेन्सिल आडवी घासा, ठोकलेले आकडे कागदावर उमटतात. तो कागद वहीत चिकटवा. त्याच पानावर फ्रेम, माउंटिंग, शाफ्टची जाडी आणि लांबी, चावी, शाफ्टच्या बाजूने बघितलं तर टर्मिनल बॉक्स डावीकडे की उजवीकडे की वर, पायाखाली किती शिम आहेत, आणि चालू असताना क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजचा करंट. हा करंट सगळ्यात मोलाचा. मी बघितलंय, १० एचपीची मोटर वर्षानुवर्षं ५ एचपीचं काम करत असते कारण कधीतरी कुणीतरी घाईत मोठी बसवली होती, आणि आपण तीच चूक नव्याने विकत घेतो.

त्याच पानावर एक ओळ आणखी लिहा, ही थांबली तर किती लोकांना बसून राहावं लागतं. तेवीस पानं झाली की स्पेअर कशाचा घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच दिसेल. मला वाटतं फक्त त्या ब्रेकवाल्या गिअर मोटरचा लागेल. सप्लायरला आजच मेल करा आणि तीन गोष्टी लेखी मागा : शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, ब्रेकची कॉइल, लायनिंग, ऑइल सील असे सुटे भाग किती वर्षं देणार, आणि तिच्याऐवजी कुठलं मॉडेल, त्याच्या ड्रॉइंगसकट. फोनवरचं ‘मिळेल हो, बघू’ धरून बसू नका.

वाइंडरची डीसी मात्र चवथीला हातात घेऊ नका. ती बदलायची म्हणजे नुसती मोटर नाही. एसी मोटर, व्हीएफडी (तिचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह), पॅनलमधली वायरिंग, केबल, आणि कागदाचा ताण सांभाळणारा टेन्शन कंट्रोल असेल तर एन्कोडर (शाफ्टची जागा आणि वेग मोजणारा भाग) पण आलाच. वाइंडर कमी स्पीडला बराच वेळ चालतो, तेव्हा मोटरचा स्वतःचा फॅन हवा देत नाही म्हणून वेगळा ब्लोअर लावलेली मोटर घ्यावी लागते, कोटेशनमध्ये हे सुटतं आणि सहा महिन्यांत वाइंडिंग जळतं. हे काम पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये टाका, तोवर कार्बन ब्रशचे दोन सेट ठेवा, आणि कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा गोल भाग) बघत रहा. चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर तब्येत चांगली, काळे पट्टे दिसले की दाखवून घ्या. या चवथीला ती १० एचपी बदला आणि गिअर मोटरची मापं पुरी करा, पाच दिवसांत एवढंच नीट होतं.

प्रश्न : आमच्या वेर्ण्याच्या प्लांटमध्ये इम्पोर्टेड पॅकिंग मशीन आहे, त्याची सर्वो मोटर (नेमक्या जागी थांबणारी) आणि तिला चालवणारा ड्राइव्ह ही दोन्ही मॉडेलं कंपनीने बनवणं बंद केलंय. ऑनलाइन वापरलेली मोटर स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

उत्तर : ताई, घ्या, पण ती जीव वाचवायला पुरते, त्याला प्लॅन म्हणता येणार नाही. सर्वोमध्ये मोटर आणि ड्राइव्ह ही जोडी असते, एन्कोडरची भाषा जुळली नाही तर मोटर नवी कोरी असली तरी ड्राइव्ह तिला ओळखत नाही. त्यामुळे मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर सुद्धा जुळवा, ब्रेक, चावी, एन्कोडर यांची माहिती बहुतेक तिथेच असते. आणि आज, मशीन चालू असताना, ड्राइव्हचे पॅरामीटर कॉपी करून दोन ठिकाणी ठेवा. मशीन होम पोझिशनला (ठरलेल्या सुरुवातीच्या जागी) नेऊन शाफ्टवर आणि बॉडीवर मार्कर पेनने एक रेघ मारा, फोटो काढा. अॅब्सोल्यूट एन्कोडरला बॅटरी असते, ती उतरली की झीरो जातो, मग मशीन कुठे उभं आहे ते त्याला कळत नाही. ही बॅटरी बहुतेक ड्राइव्हमध्ये कंट्रोल सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असते, तरी मॅन्युअलमध्ये बघूनच हात घाला. वापरलेली मोटर आली की लगेच ड्राइव्हवर फिरवून बघा, परत करायची मुदत संपल्यावर खोकं उघडणारे लोक मी पाहिलेत. पक्का उपाय म्हणजे त्या अॅक्सिसची मोटर, ड्राइव्ह, केबल असा नवा पूर्ण सेट, त्याचं कोटेशन आत्ताच मागवून ठेवा.

प्रश्न : डिचोलीच्या आमच्या स्टोअरमध्ये चार वर्षांपूर्वी घेतलेली स्पेअर मोटर आहे, खोकं पण फोडलेलं नाही. लागली तर सरळ बसवायची का?

उत्तर : सरळ नको. गोव्याचे चार पावसाळे त्या खोक्याने काढलेत. आधी हाताने शाफ्ट फिरवा, अडखळत असेल किंवा खरखर लागली तर बेअरिंग बदला. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) एक मिनिट लावा, ५ मेगाओमच्या खाली आलं तर सप्लाय देऊ नका, कव्हर उघडून आत बल्ब लावून एकदोन दिवस वाळवा आणि परत मोजा, रीडिंग वाढून एका जागी थांबलं पाहिजे. पुढच्या मोटरी जमिनीवर ठेवू नका, लाकडी पट्ट्यांवर ठेवा आणि महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवा. तुमचं स्टोअर कॉम्प्रेसर रूमला लागून आहे का हेही बघा, कारण उभ्या मोटरला सतत बारीक हादरे बसले तर न वापरताच बेअरिंगच्या रिंगवर गोळ्यांचे खड्डे पडतात, आणि ते मोटर लावल्यावरच आवाजातून कळतं.