सासूबाईंची फरची टोपी आणि लेकीचा नकार

प्रश्न: आम्ही कॅनडात एडमंटनला असतो. साताऱ्याहून सासूबाई 6 महिन्यांसाठी आल्यात. इथली उणे 28 ची थंडी बघून नवऱ्याने त्यांच्यासाठी कोल्ह्याच्या फरची, कान झाकणारी महागडी टोपी आणली. त्यांना ती फार आवडली, पण आमची 14 वर्षांची लेक म्हणाली की आजी ही टोपी घालणार असेल तर मी तिच्याबरोबर मंदिरात येणार नाही. आता सासूबाई टोपी बॅगेत ठेवून नुसता स्कार्फ गुंडाळून जातात. आम्ही घरी चिकन-मटण खातो, मग कुणाला काय सांगू?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं डोकं बघा. एवढ्या थंडीत वारा असेल तर उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, स्कार्फने भागत नाही. वाद मिटायची वाट न बघता आजच आतून फ्लीस लावलेली जाड लोकरीची टूक (तिथली विणलेली टोपी) आणा, वरून जॅकेटचा हूड, गळ्याला मफलर. एडमंटनसारख्या शहरात, गाडीतून मंदिरात जाऊन यायला एवढं पुरतं, आणि माझं सगळं म्हणणं या "पुरतं" वरच आहे.

कारण फरचा कोल्हा कसा वाढतो ते बघा. त्याची शेती पहिल्यांदा जमली ती तुमच्या कॅनडातच, प्रिन्स एडवर्ड आयलंडवर, 19 व्या शतकाच्या शेवटी. पिल्लं वसंतात जन्मतात, तारेच्या पिंजऱ्यात वाढतात आणि हिवाळ्याची दाट फर आली की नोव्हेंबर-डिसेंबरात विजेच्या झटक्याने मारली जातात, म्हणजे जेमतेम 7-8 महिन्यांचं आयुष्य आणि मैलोनमैल भटकणारा प्राणी तेवढ्यात पिंजऱ्याबाहेर एकदाही जात नाही. मिंक या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याचंही तेच, फक्त त्यांना गॅसने मारतात. 2020 मध्ये डेन्मार्कमध्ये मिंकमधून कोरोनाचा बदललेला विषाणू माणसांत आला तेव्हा तिथल्या सरकारने दीड कोटीहून जास्त मिंक मारायला लावले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की एवढ्याशा देशात एवढी जनावरं पिंजऱ्यात होती. ब्रिटिश कोलंबियाने 2021 मध्ये मिंकपालन बंद करायचं ठरवलं. मला हे पटतं, लोकरीची टोपी मिळत असताना टोपीसाठी हे करणं मला चूकच वाटतं.

मटणाचा मुद्दा लेक टाळत असेल तर तिला टाळू देऊ नका, प्रश्न खरा आहे, उद्या ती मटणही सोडेल कदाचित, सोडू दे. पण मटण खाणाऱ्याने फरबद्दल बोलूच नये असं मात्र नाही, एका बाबतीत तरी सुधारता येत असेल तर सुधारावं की.

पण लेकीला दुसरी बाजूही सांगा. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या बर्फाळ नुनावुतमधले मूळ रहिवासी, इन्युइट लोक, सील मारतात, मांस खातात, कातडं घालतात, तिथे दुकानातल्या टुकने भागत नाही. 2009 मध्ये युरोपने सीलच्या वस्तूंवर बंदी घातली, इन्युइटांना सूट दिली, तरी बाजारच बसला आणि मार त्यांनाच पडला. तुमच्या आरसीएमपी, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांची हिवाळी टोपी मस्करॅट या पाण्यातल्या उंदरासारख्या प्राण्याच्या फरची असते, 2014 मध्ये बहुतेकांना त्याऐवजी लोकरीची द्यायचं ठरलं होतं आणि सरकारने तो निर्णय फिरवला, फिरवल्याचं जाहीर करणाऱ्या मंत्री लिओना अग्लुकाक स्वतः नुनावुतच्या इन्युइट होत्या. तेव्हा रस्त्यात फर दिसली की खुनी म्हणायचं, हे लेकीने करू नये.

आणि आजीला तर नाहीच. त्यांनी टोपी मागितली नव्हती, मुलाने प्रेमाने डोक्यावर ठेवली. आपल्याकडेही जुन्या घरांत पोरांच्या गळ्यात सोन्यात मढवलेली वाघनखं असायची, मुंजीत बटूला मृगाजिनाचा तुकडा असायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. 1972 चा वन्यजीव कायदा आला, हळूहळू ते मागे पडलं. सासूबाईंना हे माहीतच असणार, त्यांना कोल्ह्याचं नीट समजावून सांगा, त्या लेकीपेक्षा लवकर समजतील असं मला वाटतं. लेकीने मात्र 'तुझ्याबरोबर मंदिरात येणार नाही' असं आजीला सुनावल्याबद्दल सॉरी म्हणायला हवं.

टोपी बिलासकट परत घेत असतील तर द्या. नसतील तर कचऱ्यात टाकू नका, मेलेला कोल्हा त्याने परत येत नाही, आणि सासूबाईंना घरामागच्या अंगणात घालावीशी वाटली तर घालू द्या. फक्त नवीन फर घेऊ नका. साताऱ्याला न्यायचा विचार असेल तर भारताने 2017 मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या फरच्या आयातीवर बंदी घातलीय, म्हणून बॅगेत टाकायच्या आधी कस्टम्सकडे चौकशी करा.

नकली फर घ्यायची असेल तर केस बाजूला सारून मुळाशी बघा, कातडं दिसलं तर खरी, विणलेलं कापड दिसलं तर नकली. लेबलवर जाऊ नका, खरी फर नकली म्हणून विकल्याची प्रकरणं अमेरिकेत झालीयत. नकली म्हणजे बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकच, म्हणून मी तरी लोकरच घेईन. टोपी निवडायला नवऱ्याऐवजी लेकीला आजीबरोबर पाठवा, रंग आजीच्या पसंतीचा.