थोरल्याला झालं, धाकटीलाही होईल का?

"मॅडम, थोरल्याची बुद्धी गेली की ओ. धाकटीचीबी जाईल काय? तिचीपण टेस्ट करून टाका."

खानापूर तालुक्यातली आई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा २३ वर्षांचा, डिप्लोमा करताना स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) झाला, आता औषधांवर स्थिर. मुलगी बेळगावात बी.एस्सी.ला. आईच्या हातातल्या कागदावर मुलाचा बुद्ध्यंक (आयक्यू), ८४ या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला.

सरासरी १००, आणि साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ मध्ये येतात. म्हणजे मुलगा काठावर. पण मी चाचणीतल्या वेगवेगळ्या भागांचे गुण पाहिले. शब्दांचे अर्थ त्याने नीट सांगितले होते, तेही कानडीत, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून! मागे पडला तो घड्याळ लावून चिन्हं भरताना आणि आकडे उलटे म्हणताना. या आजारात विचारांचा वेग आणि तात्पुरती स्मृती जास्त मंदावते. औषधांच्या गुंगीचाही भार असतो. एकच आकडा हे सगळं झाकून टाकतो.

मुलगा म्हणाला, "समजतं सगळं. पटकन सांगता येत नाही."

आई त्याच्याकडे बघतच राहिली.

मग धाकटीचं. रुग्ण, त्यांची भावंडं आणि निरोगी माणसं यांची तुलना केली की भावंडांची सरासरी बहुधा मधे, निरोगी माणसांच्या जवळ येते. पण तिन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यावरून एका मुलीचं काहीच सांगता येत नाही. आजाराची शक्यता सर्वसाधारण माणसात शंभरात सुमारे एक, सख्ख्या भावंडात सुमारे नऊ-दहा. हे मी लपवलं नाही. पण उरलेल्या नव्वदांना तो होत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं.

चाचणी करायला मी नकार दिला. बुद्ध्यंकावरून आजाराचं भाकीत होत नाही. झोप उडाली, मुलगी माणसं टाळू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर मात्र लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं.

धाकटी इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "आई रात्री उठवून पाढे विचारते मला."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ मी आईलाच दिला. थोरल्याला एका वेळी एकच काम, चिठ्ठीवर लिहून द्यायचं ठरलं. धाकटीला रात्री झोपू द्यायचं.

महिन्याने ते आले तेव्हा थोरला डेअरीच्या दुधाचा हिशेब घेऊन आला होता. सावकाश लिहिलेला, पण बरोबर.