डिसेंबरात पहाटे ३ ला निघून पुण्याहून नरसोबाच्या वाडीला कारने जायचं आहे. लायसन्स मिळून सहाच महिने झालेत. धुक्यात काय काळजी घ्यावी?

आधी ती पहाटे ३ ची वेळ बदला. लायसन्स मिळून सहाच महिने झालेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्टच सांगतो. ३ ला निघालात तर पेठनाका सहाच्या सुमारास येतो. तिथून हायवे सोडून आष्टा-सांगलीकडे वळायचं, आणि धुकं सगळ्यात दाट असतं ते नेमकं तेव्हाच. रात्रभर आभाळ निरभ्र, वारा पडलेला, दोन्ही बाजूंना पाणी पाजलेली उसाची रानं आणि जवळ कृष्णा. एका वळणावर लख्ख दिसतं, पुढच्या ओढ्यावर स्वतःचं बॉनेट दिसत नाही. पुण्यातून ६ ला निघा, म्हणजे पेठनाक्याला ऊन आलेलं असेल. दत्तजयंती, पौर्णिमा असे गर्दीचे दिवस सोडले तर वाडीला दुपारीही दर्शन निवांत होतं.

माझं गाव त्याच पट्ट्यातलं. धुक्यापेक्षा मला धुक्यातल्या उसाच्या ट्रॉलीची भीती वाटते. नोव्हेंबरापासून कारखान्यांचा हंगाम असतो, आणि एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात. रिफ्लेक्टर असला तरी मागे लोंबणाऱ्या उसात झाकला जातो. ड्रायव्हरनं गाणी एवढी मोठ्यानं लावलेली असतात की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. चार वर्षांपूर्वी आष्ट्याच्या अलीकडे पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली मला दिसली ती आधी उसाच्या शेंड्यांच्या रूपात, काचेपासून हातभर अंतरावर. वेग तिशीच्या आत होता म्हणून वाचलो. तिच्यामागे रस्त्यावर दगड मांडलेले होते, तेही नंतर उतरल्यावर दिसले. (ट्रॉली गेली तरी हे दगड पुष्कळदा तिथंच राहतात, हा वेगळा छळ.)

ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर संपतं, गाडी थांबणं त्याच्या पुढचं. समोर २० मीटरच दिसत असेल तर ६० चा वेग म्हणजे डोळे मिटून चालवणं. तेव्हा ३० किंवा त्याहून कमी.

ओव्हरटेक करताना एक ट्रॉली मागे पडली की सुटलो असं वाटतं, पण पुढे दुसरी असते आणि मग ट्रॅक्टर. मागची ट्रॉली झोलही खाते. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसत नसेल तर तिच्यामागेच राहा, दहा मिनिटं गेली तर गेली. चढावर मात्र तिला चिकटू नका, ओझ्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली मी पाहिली आहेत.

लाइट लो बीमवरच ठेवा. हाय बीम धुक्यातल्या थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, ती पाळू नका. तुम्ही उभे आहात की वळताय, हे मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर फडक्यानं पुसत बसू नका. एसी चालू, हवा गरम, झोत काचेवर, आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. काच बाहेरून ओली असेल तर वायपर.

काहीच दिसेनासं झालं तर रस्त्याकडेला उभे राहू नका, कारण मागून येणाऱ्यासाठी तुम्हीच ती ट्रॉली होता. हळूहळू पेट्रोल पंप किंवा धाबा गाठा आणि चहा घ्या. सूर्य वर आला की तास-दीड तासात बहुतेक वेळा मोकळं होतं.

परतीचं लिहायचं राहिलं. बासुंदी, कवठाची बर्फी जे काय घ्यायचं ते दुपारीच घ्या आणि पेठनाका उजेडात गाठा. तिथून पुढे मोठा हायवे आहे.