वात मध्ये भरीव, टोकांना विरळ

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. सतरा वर्षांची सिगारेट सोडून आठ महिने झाले, आता व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आहे. स्वतः कॉइल (लिक्विड तापवणारं तारेचं वेटोळं) बांधून त्यात कापसाची वात घालायचा टँक घेतलाय. २८ गेजची कँथल तार, अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर ७ वेढे, २५ वॅट. तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला घशात जळका चटका बसतो. कापूस कमी केला तर टँक गळतो. काय चुकतंय? आणि डिसेंबरात नाशिकला जाताना हे सोबत नेता येईल का?

उत्तर : आठ महिने सिगारेटला हात लावला नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं ओढली आणि लीड्सला आल्यावर अशाच टँकच्या आधाराने सुटलो. तो चटका मला चांगला ठाऊक आहे. दोन दिवस घसा असा जळला की पाय परत पाकिटाकडे वळतात, म्हणून हे लवकर निस्तरू.

तुमच्या आकड्यांचा हिशेब मांडला. एका वेढ्याला सुमारे ९ मिलिमीटर तार लागते, कॉइलचे दोन्ही पाय, म्हणजे तारेची टोकं धरून ७ सेंटिमीटर. या तारेचा रोध मीटरला १८ ओहमच्या आसपास, म्हणजे कॉइल साधारण सव्वा ओहमची. एवढ्या बारीक एकेरी तारेला २५ वॅट फार झाले. वातीतून लिक्विड वर चढायच्या आत उडून जातं आणि कोरडा कापूस करपतो. १२ वॅटवर या. लागलंच तर १४.

आता कापूस. माझी आजी समईच्या वाती वळायची. मी जोर लावून घट्ट पीळ दिला की ती वात उलगडायला लावायची, कारण तशी वात तेल ओढत नाही. तुमच्या टँकमध्येही तेच केशाकर्षण चालतं. तुम्ही सगळाच कापूस कमी केलात, म्हणून गळती झाली. कॉइलच्या आत तो भरीवच हवा : ओढताना किंचित अडकत सरकावा, पण तार वाकू नये. विरळ करायची ती फक्त टोकं. ती टँकच्या बाहेरच्या कडेइतकी लांब कापा, सुईने विंचरून साधारण तिसरा हिस्सा तंतू काढून टाका आणि लिक्विडच्या वाटांवर अलगद टेकवा. वाटेचं तोंड झाकलं पाहिजे, पण आत कोंबायचं नाही. मला हे जमायला चार-पाच वाती लागल्या. मग वात लिक्विडने पूर्ण भिजवून पाच मिनिटं थांबा. व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) ८० टक्के असलेलं दाट लिक्विड वापरत असाल तर सध्या ५०-५० (निम्मं व्हीजी, निम्मं पातळ पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल) घ्या, ते लवकर चढतं.

कापूस घालण्याआधी कोरडी कॉइल कमी वॅटवर क्षणभर तापवून पाहा. लाली मधून कडेला पसरली पाहिजे. एकच वेढा आधी पेटत असेल तर कॉइल थंड झाल्यावर चिमट्याने वेढे सारखे करा. तारेचा पाय खालच्या धातूला टेकत नाही ना, तेही बघा. पडद्यावरचा ओहमचा आकडा उड्या मारत असेल तर स्क्रू सैल आहे.

आणि कृपा करून बॅटरी जपा. माझ्या कोटाच्या खिशात व्हेपची सुटी १८६५० आकाराची लिथियम बॅटरी किल्ल्यांना लागून शॉर्ट झाली होती, मांडीवर अजून डाग आहे. वरचं प्लॅस्टिक फाटलेली बॅटरी वापरू नका, सुटी बॅटरी डबीतच ठेवा.

नाशिकला मात्र हे नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरी गेल्यावर जुने मित्र भेटतील, कोणीतरी सिगारेट पुढे करेल, त्याची मला जास्त काळजी वाटते. नोव्हेंबरातच तुमच्या फार्मासिस्टला भेटा, निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम किती ताकदीचे घ्यायचे ते विचारा आणि सगळ्या मुक्कामाला पुरतील एवढे बॅगेत टाका.