वाचणाऱ्या बाजूचा बॅरिअर

प्रश्न : ताई, मी मुळात इलेक्ट्रॉनिक्सचा. दोन वर्षांपासून लिनक्स कर्नलचं काम शिकतोय. माझ्या मॉड्यूलमध्ये एक कोअर डेटा भरतो आणि मग 'रेडी' हा फ्लॅग 1 करतो. दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड फ्लॅग बघतो आणि तो 1 असेल तरच, इफच्या आत, डेटा वाचतो. डेटा आणि फ्लॅग लिहिण्याच्या मध्ये मी एसएमपी_डब्ल्यूएमबी घातलाय, म्हणजे आधीचं लिहिणं नंतरच्या लिहिण्याच्या आधीच दिसावं यासाठीचा अडसर, बॅरिअर. इंटेलच्या लॅपटॉपवर आठवडाभर चालवलं, एकदाही चुकलं नाही. चार कोअरच्या एआरएम बोर्डवर मात्र दिवसातून एखाद्या वेळी फ्लॅग 1 असूनही डेटा जुनाच मिळतो. लिहिणाऱ्याने क्रम पाळल्यावर वाचणाऱ्याला आणखी काय लागतं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा लिहिणारा बरोबर आहे. चूक वाचणाऱ्याकडे आहे आणि ती नेमकी त्या इफपाशी आहे, ज्याच्यावर तुम्ही विसंबलात.

अट खरी ठरल्याशिवाय आतली ओळ चालणारच नाही, असं आपल्याला वाटतं. प्रोसेसर तसा थांबत नाही. फ्लॅग दुसऱ्या कोअरच्या कॅशमधून, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतून, यायला वेळ लागतो. तेवढ्यात कोअर अंदाज बांधतो की अट खरी ठरेल, आणि आतला डेटा आधीच वाचून ठेवतो. डेटा जवळच्या कॅशमध्ये असतो, पण जुना. मग फ्लॅग येतो, तो खरोखरच 1 असतो, अंदाज बरोबर ठरतो आणि आधी उचललेलं जुनं मूल्य पुढे वापरलं जातं. शेजारच्या काकूंनी दारात डबा ठेवला आणि मगच बेल वाजवली, असं समजा. तुम्ही बेल वाजायच्या आधीच दाराबाहेर डोकावून 'काही नाही' असं मनात धरलंत आणि बेल वाजल्यावर पुन्हा न बघता तेच खरं मानलंत. काकूंनी क्रम पाळला, तुम्ही नाही.

म्हणून फ्लॅग तपासल्यानंतर आणि डेटा वाचण्याआधी एसएमपी_आरएमबी, म्हणजे वाचनांचा क्रम राखणारा बॅरिअर हवा. फ्लॅग वाचताना रीड_वन्स आणि लिहिताना राइट_वन्स हे कर्नलचे मॅक्रो वापरा, नाहीतर कंपायलर स्वतःच्या सोयीने वाचन आधीच उरकून टाकेल. मी तुमच्या जागी असते तर दोन्ही बॅरिअर काढून फ्लॅग एसएमपी_स्टोअर_रिलीजने लिहिला असता आणि एसएमपी_लोड_अक्वायरने वाचला असता. कोण कोणासाठी थांबतोय हे तिथे नावातच दिसतं, आणि चौसष्ट-बिट एआरएमवर त्यांच्यासाठी एसटीएलआर आणि एलडीएआर या थेट सूचना आहेत.

लॅपटॉपवर हे का दिसलं नाही? एक्स86 प्रोसेसरही वाचन आधी उरकतो, पण मधल्या वेळात दुसऱ्या कोअरने ती कॅश-ओळ बदलली तर आधी वाचलेलं फेकून पुन्हा वाचतो. त्यामुळे दोन वाचनांचा क्रम उलटलेला प्रोग्रामला कधी दिसत नाही आणि तिथे एसएमपी_आरएमबी फक्त कंपायलरला अडवतो. याचा अर्थ एक्स86वर बॅरिअर लागतच नाहीत, असा मात्र करू नका. आपण लिहिलेलं स्टोअर बफरमध्ये, म्हणजे कॅशमध्ये जाण्याआधीच्या रांगेत, अडकलेलं असताना पुढचं वाचन होऊन जाऊ शकतं. दोन कोअर आपापला फ्लॅग लावून समोरच्याचा बघत असतील, तर एक्स86वरही एसएमपी_एमबी, म्हणजे लिहिणं आणि वाचणं दोन्हींचा क्रम राखणारा पूर्ण बॅरिअर, लागतोच.

या चुकीने माझे नऊ दिवस खाल्ले आहेत. पुण्यात मी नेटवर्क ड्रायव्हरवर काम करत होते. पॅकेटांच्या 256 नोंदींची रिंग, म्हणजे फिरून फिरून वापरली जाणारी रांग, आणि मधूनच एखाद्या पॅकेटची लांबी मागच्या फेरीतली निघायची. शोधायला प्रिंट-के, म्हणजे कर्नलमधून संदेश छापणारं फंक्शन, घातला की चूक गायब, काढला की परत. प्रिंट-के इतका वेळ घेतो आणि आत कुलपं लावतो, की वाचनाचा क्रम आपोआप सरळ होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी रोज लिहिणारी बाजूच तपासत बसले. शेवटी माझ्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं, 'याची जोडी कुठे आहे?' तेव्हापासून कोणाचाही कोड तपासताना मी एका बाजूचा बॅरिअर दिसला की दुसऱ्या बाजूचा शोधते, आणि कोणता कोणाचा जोडीदार हे कॉमेंटमध्ये लिहायला लावते. तुम्हीही लिहा.

एक मात्र आधी खात्री करून घ्या. डेटा भरणारा दुसरा कोअरच आहे ना? डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत, भरणारं कार्ड असेल, तर एसएमपी_ने सुरू होणारे बॅरिअर चालणार नाहीत, डीएमए_आरएमबी लागेल.

फ्लॅगऐवजी पॉइंटर दिला असता तर? पॉइंटर हाती आल्याशिवाय त्याच्या पलीकडचं वाचता येत नाही, म्हणून एआरएम तो क्रम पाळतं आणि रीड_वन्स पुरतो. याला अपवाद होता डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचा, 1992 साली आलेल्या. त्याच्या काही प्रोसेसरांत डेटा-कॅश दोन भागांत विभागलेली. नवा पॉइंटर एका भागातून यायचा, पण दुसऱ्या भागाने अजून आपली जुनी ओळ काढलेली नसायची, म्हणून नव्या पत्त्यावर जुना डेटा दिसायचा. या एका प्रोसेसरपायी कर्नलमध्ये कित्येक वर्षं वेगळा बॅरिअर वागवला गेला. कर्नलच्या 4.15 आवृत्तीत तो रीड_वन्सच्या पोटात घातला आणि 5.9 मध्ये ते नावच काढून टाकलं. मला हा किस्सा फार मोलाचा वाटतो, कारण 'असं होणं शक्यच नाही' म्हणणाऱ्याला दाखवायला खरंखुरं सिलिकॉन आहे.

आणि माझ्या शब्दावर राहू नका. 4.17 पासून कर्नलच्या सोर्समध्येच टूल्स/मेमरी-मॉडेल नावाचा फोल्डर आहे. हर्ड7 हे क्रमाच्या सगळ्या शक्यता तपासणारं साधन बसवा, त्या फोल्डरमधल्या एमपीने सुरू होणाऱ्या, दोन्ही बॅरिअर असलेल्या लिटमस चाचणीची (अशा छोट्या नमुना प्रोग्रामची) प्रत घ्या. तो तुमचाच प्रोग्राम आहे, दोन लिहिणं आणि दोन वाचणं. आधी तशीच चालवा, जुना डेटा कधीच दिसणार नाही या अर्थाचं 'नेव्हर' असं उत्तर येईल. मग एसएमपी_आरएमबीची ओळ खोडून पुन्हा चालवा. आता 'समटाइम्स' येईल. तुमच्या बोर्डवर दिवसातून एकदा घडतंय ते हेच.