मोबाइलवरून छापतो, लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’: बोर्ड बदलण्याआधी पोर्ट बघा

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: ‘मोबाइलवरून मात्र प्रिंट निघते.’ बाकीची कथा मला तोंडपाठ आहे. राउटर बदलला, तेव्हापासून लॅपटॉप प्रिंटरला ‘ऑफलाइन’ म्हणतो. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला की थोडे दिवस चालतो, मग पुन्हा तेच. आणि आता सर्व्हिसवाले म्हणतायत की विंडोज मारून घ्या, म्हणजे नव्याने टाकून घ्या, नाहीतर वायफायचा बोर्ड बदलावा लागेल. हे सगळं मी ह्याच क्रमाने भोगलंय, म्हणून आधी एवढंच: बोर्डाला होकार देऊ नका. निदान खालचं तपासून होईपर्यंत तरी.

मी प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस नाही. घरच्या आणि ऑफिसच्या मशीनशी झगडून जे कळलं ते सांगतोय. तुमचं मॉडेल माहीत नाही, त्यामुळे मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतील. बंद करून चालू करणं, कागद, केबल, शाई हे तुम्ही करून बसला असणार, ते सोडून देतो.

मोबाइलवरून छापतो म्हणजे प्रिंटरचा वायफाय जिवंत आहे, राउटरशी त्याचं बोलणं बहुधा चालू आहे (एक अपवाद शेवटी सांगतो) आणि छपाईची यंत्रणाही धड आहे. मोबाइल बहुतेक वेळा नेटवर्कवर हाक मारून प्रिंटर शोधतो आणि जो पत्ता मिळेल तिकडे काम पाठवतो. आयफोनवर २०१० साली एअरप्रिंट (वायफायवरून छापायची सोय) आलं तेव्हापासून हे असंच आहे, अँड्रॉइडचीही तऱ्हा साधारण तीच. विंडोजवर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं की ते अनेकदा त्या दिवशी प्रिंटरचा जो आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा घरक्रमांक) असेल तो एका पोर्टमध्ये (काम कुठे पाठवायचं त्या नोंदीत) लिहून मोकळं होतं. राउटर बदलला की प्रिंटरला नवा पत्ता मिळतो, पण लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसतो. तिथे ओ द्यायला कोणी नसतं, झाला ऑफलाइन.

हे ताडून बघायला काहीही लागत नाही. प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा. स्क्रीन नसलेल्या प्रिंटरवर त्यासाठी एखादं बटण दाबून धरावं लागतं, ते मॅन्युअलमध्ये असतं. पानावर आयपीव्ही४ पत्ता शोधा, म्हणजे घरात बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारं काहीतरी. तो पत्ता जसाच्या तसा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यातला रस्ता मोकळा आहे आणि भांडण फक्त विंडोजच्या वहीतल्या पत्त्याचं आहे. (सर्टिफिकेटची सूचना आली तर घाबरू नका, प्रिंटरच्या पानांवर ती येतेच.) मग विंडोजमध्ये त्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ हा टॅब उघडा आणि टिकमार्क कुठल्या ओळीवर आहे ते बघा. तिथला पत्ता आणि कागदावरचा पत्ता वेगळे निघाले की रोग सापडला.

आता माझ्या बोर्डाची गोष्ट, कारण तुमच्यापुढे तोच खड्डा आहे.

मी ज्या सर्व्हिस सेंटरकडे गेलो त्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी नवा आवाज आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. ड्रायव्हर काढा, टाका, रीस्टार्ट करा. एकाने तर हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडून छपाईची छिद्रं साफ करणं, करायला लावलं. ऑफलाइन प्रिंटरला हेड क्लीनिंग! त्यात शाई जाते ती आपली. (जाता जाता: अक्षरं तुटक येत असतील तरच ते करा. सवय म्हणून करत राहिलात तर शाई तर जातेच, वर ती शोषून घेणारं पॅडही भरत जातं.) मग टेक्निशियन घरी आला, यूएसबी केबल लावली, टेस्ट पेज काढलं, ‘मशीन ओके’ लिहिलं आणि तक्रार बंद. तक्रार वायफायची आणि तपासणी केबलवर. परत तक्रार केली तेव्हा मशीन सेंटरला न्यायला लावलं आणि निकाल आला: वायफाय बोर्ड गेला. मी काउंटरवरच मोबाइलवरून प्रिंट काढून दाखवली. त्यावर उत्तर काय, तर ‘मोबाइलचं वेगळं असतं.’

वेगळं असतंच की! आणि ते का वेगळं असतं एवढा एक प्रश्न त्या काउंटरवर कोणी स्वतःला विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

बोर्ड बदलला आणि प्रिंटर चालला. हीच ह्या प्रकरणातली सगळ्यात घातक गोष्ट. चालला म्हटल्यावर सगळ्यांचंच ठरलं की बोर्डच खराब होता. प्रत्यक्षात बोर्ड बदलला म्हणून प्रिंटर नव्याने वायफायला जोडावा लागला आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअरही नव्याने टाकलं गेलं. त्या नव्या इन्स्टॉलेशनने त्या दिवशीचा बरोबर पत्ता पोर्टमध्ये लिहिला. ड्रायव्हर काढून टाकल्यावर थोडे दिवस चालतो त्याचंही कारण हेच. विंडोज मारल्यावर चालतो त्याचंही हेच. पुढे वीज गेली, राउटर बंद होऊन चालू झाला. बऱ्याच घरगुती राउटरना कोणाला कुठला पत्ता दिला होता ते रीस्टार्टनंतर आठवत नाही, ते नव्याने वाटप करतात. प्रिंटरचा पत्ता बदलला आणि लॅपटॉप पुन्हा ‘ऑफलाइन’. सेंटरचं म्हणणं: हाही बोर्ड गेला, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत बसणार नाही. जुना बोर्ड परत मागितला तर तो ‘जमा झाला’. जॉबशीटवर (सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर) लक्षण म्हणून लिहिलेलं ‘प्रिंट येत नाही’. जे मशीन मोबाइलवरून छापत होतं, त्याच्या कागदावर हे!

म्हणून मशीन सेंटरला न्यायची वेळ आलीच, तर जॉबशीटवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘मोबाइलवरून वायफायवर छपाई होते, लॅपटॉपवरून होत नाही.’ तसं लिहून सही केल्याशिवाय मशीन हातातून सोडू नका, आणि बदललेला भाग परत मागणार हे आधीच सांगून ठेवा. सगळीच सेंटर अशी नसतात, मान्य. पण लक्षण ऐकून न घेता भाग बदलणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि हे मत मी बदलणार नाही.

उपायाचं सांगतो, तो तक्रारीपेक्षा पुष्कळ लहान आहे. ड्रायव्हरला हात लावू नका. त्याच ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये ‘अ‍ॅड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून कागदावरचा पत्ता टाका. नवीन ओळीवर टिकमार्क आला की झालं. पण इथेच थांबलात तर पुढच्या वेळी वीज गेली की परत माझी आठवण काढाल. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा, त्याला तिथे ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’ किंवा तत्सम काहीतरी म्हटलेलं असतं. त्यासाठी लागणारा मॅक पत्ता (मशीनचा कायमचा ओळख क्रमांक) त्याच छापील पानावर असतो. आधी रिझर्वेशन आणि मग पोर्ट, ह्या क्रमाने केलंत तर काम एकदाच होतं. मला विचाराल तर हे प्रत्येक घरात प्रिंटर खोक्यातून काढतानाच करायला हवं, पण सोबतच्या माहितीपत्रकात ते क्वचितच असतं.

पोर्टच्या यादीत टिकमार्क ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होणाऱ्या ओळीवर असेल तर प्रकरण जरा वेगळं. तसला पोर्ट पत्ता घोकत नाही, दर वेळी प्रिंटरला शोधतो, पण त्याचा शोध काही राउटरांवर आणि झोपी गेलेल्या प्रिंटरांवर अडखळतो. काहींचं त्यावर उत्तम चालतं. माझा अनुभव वाईट आहे, मी सरळ टीसीपी/आयपी पोर्ट करतो.

पत्ता बरोबर असूनही ऑफलाइनच दाखवत असेल, तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढून बघा. ही विंडोजने प्रिंटरची हालहवाल विचारायची पद्धत, आणि प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल तर धडधाकट असूनही विंडोज त्याला मेलेला समजतं. आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खासगी मार्ग) बंद करून बघा, चालू असताना घरातला प्रिंटरही परका होऊ शकतो.

रांगेत अडकलेली जुनी कामं ‘डिलीटिंग’ म्हणत लटकली असतील तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा भाग) थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर आहे त्यातल्या फायली काढा (फोल्डर नाही, फक्त आतल्या फायली) आणि स्पूलर परत चालू करा. नाहीतर पोर्ट दुरुस्त केल्या केल्या गेल्या महिन्याची सगळी पानं धडाधड बाहेर येतील.

हे विंडोजच्या अपडेटमुळे झालं असाही संशय तुम्ही घेतलाय. तो अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर फट सापडली, तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने जुलैत तातडीचे पॅच काढले आणि त्या वर्षीच्या पुढच्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेले प्रिंटर खरंच बंद पडले. पण तिथे एरर क्रमांक दिसायचा, आणि तुमचा प्रिंटर थेट वायफायवर आहे. तुमच्याकडे राउटर बदलल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख जुळतेय, मी तिथेच बोट ठेवीन. विंडोज ११ टाकायचंच असेल तर १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून टाका, प्रिंटरसाठी नको.

एक शक्यता राहते. छापील पानावर पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मग प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि मोबाइल बहुधा वायफाय डायरेक्टने थेट प्रिंटरलाच जोडला जातोय. तेव्हा आधी राउटरची २.४ गिगाहर्ट्‌झची बाजू (वायफायच्या दोन लहरींपैकी जुनी) चालू आहे का आणि सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफाय पासवर्डची नवी पद्धत) वर ठेवलीय का ते बघा, कारण जुन्या प्रिंटरांना बहुधा ५ गिगाहर्ट्‌झ दिसत नाही आणि डब्ल्यूपीए३ कळत नाही. नव्या राउटरवर असं सेटिंग असू शकतं.

तर आज ते पान छापा आणि त्यावरचा आयपीव्ही४ पत्ता व ‘पोर्ट्स’मधली टिकमार्कची ओळ इथे टाका. पानाचा फोटो टाकणार असाल तर सिरीयल नंबर आणि मॅक पत्ता झाकून टाका.