वाचक विचारतात: पणजोबा बोटीवर होते, त्यांचा माग कसा काढायचा?

प्रश्न: नमस्कार. आम्ही गोव्यातल्या मांद्रेचे. माझे पणजोबा, म्हणजे वडिलांचे आजोबा, मुंबईहून बोटीवर जायचे. घरात सगळे म्हणतात की बीआयच्या बोटीवर खलाशी होते आणि लढाईत गेले. कुठल्या साली, कुठे, काही माहीत नाही. घरी एक ग्रुप फोटो आहे, मोंबासाचा शिक्का असलेलं एक कार्ड आहे आणि वडिलांच्या आत्याला एवढंच आठवतं की ते गेल्यावरही मुंबईहून काही वर्षं पैसे येत होते. मी नेटवर त्यांचं नाव टाकून बघितलं, काहीच येत नाही. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, मांद्रे

उत्तर: ताई, तुमच्याकडे आहे ते थोडं नाहीये. नाव टाकून काही येत नाही म्हणून निराश होऊ नका, कारण त्या काळच्या खलाशांच्या कागदात माणूस नावाने सापडत नाही, तो बोटीच्या नावाने सापडतो. कंपनीचे, बंदराचे, सरकारचे सगळे कागद बोटीप्रमाणे लावलेले असायचे आणि माणूस त्यात एका ओळीत. म्हणून आधी पणजोबांना बाजूला ठेवा आणि त्यांची बोट शोधा.

बीआय म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. मुंबईहून पूर्व आफ्रिका, इराणचं आखात, कलकत्त्याहून रंगून, सगळीकडे त्यांच्या बोटी जायच्या, आणि मोंबासाचा शिक्का आहे म्हणजे पणजोबा निदान एकदा तरी आफ्रिकेच्या लाईनवर होते असं धरायला हरकत नाही. कार्डावरची तारीख भिंगातून नीट बघा, शिक्का पुसट असेल तर मोबाईलने फोटो काढून काँट्रास्ट वाढवून बघा, एक साल जरी हाती लागलं तरी निम्मं काम झालं.

आता आत्याकडे जा. आणि त्यांना बोटीचं नाव विचारू नका, ‘ते कुठे कुठे गेले होते असं आजी सांगायची’ असं विचारा आणि त्या जे सांगतील ते सगळं लिहून घ्या, कारण बीआयच्या बोटींना बहुतेक गावांची, ठिकाणांची नावं असायची आणि ती ‘आ’ने संपायची. करंजा, कंपाला, तिलावा, दारा, रोहना. त्यामुळे घरात जर कुणी म्हणत असेल की ते करंजाला होते, तर ते उरणजवळचं करंजा गाव असेलच असं नाही, ती बोटही असू शकते. घरच्या आठवणीत बोटीचं नाव गावाचं म्हणून जाऊन बसतं आणि दोन पिढ्यांनी ते कुणाला कळत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आत्या आहेत तोवरच हे विचारता येईल, कागद थांबतील पण त्या थांबणार नाहीत.

मग फोटो. ग्रुप फोटोत बऱ्याचदा मधे लाईफबॉय, म्हणजे पाण्यात तरंगायचं गोल कडं, धरलेला असतो आणि त्यावर बोटीचं नाव असतं, अर्धवट दिसत असलं तरी चालतं. मागे धुराडं दिसत असेल तर बीआयचं धुराडं काळं आणि त्यावर दोन पांढरे पट्टे, हे ब्लॅक अँड व्हाईट फोटोतही ओळखता येतं. क्लॅन लाईन या दुसऱ्या कंपनीचे पट्टे लाल असायचे, ते फोटोत पांढरे दिसत नाहीत. टोपीवर, बटणांवर काही खूण आहे का बघा, आणि फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का तेही. कपड्यांवरून कामही कळतं. पांढरा कोट घातलेली माणसं असतील तर ती सलूनची, म्हणजे बटलर, पँट्रीमन, जनरल सर्व्हंट, आणि ती बहुतेक बार्देस-साष्टीची ख्रिस्ती मंडळी. डेकवर मात्र सारंग म्हणजे खलाशांचा मुख्य, मग तांडेल, सुकाणी, कसब हे हुद्दे आणि त्यांच्या हाताखाली खलाशी, यात रत्नागिरीपासून खाली आपल्या किनाऱ्यापर्यंतची माणसं असायची. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी इथली गाबीत-खारवी घरं तर पिढ्यान्पिढ्या पाण्यावरच जगलेली, आधी मचवे-फत्तेमारी आणि मग आगबोटी. सारंग आपल्या ओळखीची, आपल्या गावची माणसं बरोबर घ्यायचा, म्हणून फोटोतले बाकीचे लोक पण आजूबाजूच्या गावचेच असण्याची शक्यता आहे. फोटोच्या कॉपी काढून शेजारच्या वाड्यांत, तेरेखोल पलीकडे रेडी-शिरोड्यापर्यंत दाखवा. दुसऱ्याच्या घरात त्याच फोटोच्या मागे नावं लिहिलेली असतील.

‘लढाईत गेले’ यातली लढाई कुठली तेही ठरवायला हवं. तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा, त्यावरून हिशेब लागेल. आणि हे ठरलं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर जा, फुकट आहे. दोन्ही महायुद्धांत बोटींवर मेलेल्या हिंदी खलाशांची नावं त्यात आहेत. पहिल्या युद्धातली नावं मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर, दुसऱ्या युद्धातल्यांसाठी मुंबई आणि चितगाव इथे नावांची पुस्तकं ठेवलेली आहेत. तिथे नावाने शोधू नका! इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, आडनाव बऱ्याचदा नाहीच, नुसतं नाव आणि बापाचं नाव, कधी तेवढंही नाही. स्मारक निवडा, तारखेचा टप्पा टाका, आणि बोटीचं नाव, हुद्दा बघत बघत खाली या. वेळ लागेल पण हाच रस्ता.

तुम्ही मोंबासा आणि लढाई म्हटलंत की लगेच तिलावाचं नाव डोक्यात येतं. 20 नोव्हेंबर 1942 ला तिलावा मुंबईहून मोंबासा, मापुतो, डर्बनकडे निघाली आणि 23 तारखेला पहाटे जपानी पाणबुडीने तिला दोन टॉर्पेडो मारले. 958 माणसं होती, 280 गेली, बाकीच्यांना बर्मिंगहॅम नावाच्या क्रूझरने आणि कार्थेज बोटीने उचललं. पण म्हणून पणजोबा तिलावावरच होते असं लिहून टाकू नका, कारण त्याच महिन्यात 12 तारखेला करंजा अल्जीरियाच्या किनाऱ्यावर बॉम्बने गेली, आणि पुढच्या वर्षी 26 नोव्हेंबरला रोहना भूमध्य समुद्रात गेली, तिच्यावर हजाराहून जास्त अमेरिकन सैनिक मेले आणि त्यांच्याबरोबर आपले खलाशी पण. बीआयने त्या युद्धात पुष्कळ बोटी गमावल्या. प्रसिद्ध बोटीला आपला माणूस चिकटवायचा मोह फार होतो आणि मग खरा माणूस कायमचा हरवतो.

मुंबईहून पैसे येत होते हे आत्यांचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. शत्रूच्या हल्ल्यात मेलेल्या हिंदी खलाशांच्या घरच्यांना दुसऱ्या महायुद्धात पेन्शन ठरलेली होती. मनीऑर्डरची पावती, एखादं खाकी पाकीट, अंगठा लावलेला कागद, पेटीच्या तळाशी, देवखोलीत, पत्र्याच्या डब्यात, सगळीकडे बघा. त्यावर केस नंबर असेल आणि कदाचित बोटीचं नावही.

बोट कळली की तिचा ऑफिशियल नंबर काढा. प्रत्येक ब्रिटिश बोटीला एक कायमचा नंबर असायचा, बोट विकली, नाव बदललं तरी तोच. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या साईटवर तो मिळतो. त्या नंबरावर क्रू लिस्ट मागायच्या, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. 1863 ते 1938 आणि 1951 ते 1976 च्या बहुतेक याद्या, साधारण सत्तर टक्के, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत, मेरिटाईम हिस्टरी अर्काइव्हमध्ये आहेत. युद्धाची आणि त्यानंतरची थोडी वर्षं, म्हणजे 1939 ते 1950, लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये. 1915 च्या याद्या तर घरबसल्या ऑनलाईन बघता येतात. ईमेल केलं की ते उत्तर देतात, कॉपीचे पैसे घेतात. मागताना एक गोष्ट नक्की लिहा, की हिंदी खलाशांचा करारही बघा, कारण आपल्या लोकांचा करार वेगळा असायचा, त्यामुळे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीत ते नसले म्हणजे बोटीवरच नव्हते असं होत नाही. पत्त्याच्या रकान्यात गोवा असेलच असंही नाही, नुसतं बॉम्बे किंवा रत्नागिरीही असू शकतं.

इकडचे कागद पण सोडू नका. गोव्यात 1914 पासून जन्म-लग्न-मरणाची सरकारी नोंद सुरू झाली, तेव्हा तुमच्या आजोबांचा जन्म त्यानंतरचा असेल तर त्याची नोंद पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार ऑफिसात असायला हवी. साधा दाखला घेऊ नका, तेओर मागा, म्हणजे मूळ नोंद जशी आहे तशी पूर्ण उतरून देतात, त्यात आई-बाप, आजा-आजी आणि बापाचा धंदा पण असतो. धंद्यात एंबार्कादिसु लिहिलेलं दिसलं तर ते म्हणजे बोटीवरचा माणूस. आणि पोर्तुगीज कागदात शंभू, शाबा अशी नावं एक्स अक्षराखाली लावलेली असतात, एसखाली शोधत बसाल तर मिळणार नाहीत.

आणखी एक जागा आहे जी लोक विसरतात. पणजोबांच्या नावावर भाट म्हणजे माडांची बाग, घर काही असेल तर ते गेल्यावर वाटण्या करायला कोर्टात इन्व्हेंटरी झाली असेल. त्यात सगळे वारस, कोण कुठे आहे, कोण बेपत्ता आहे, सगळं लिहिलेलं असतं, आणि बेपत्ता वारसासाठी नोटीस सरकारी गॅझेटमध्ये, म्हणजे बोलेतीमात, छापून यायची. जुने बोलेतीम आणि पेपर पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बघायला मिळतात. पुराभिलेख खात्यातही जा, हे दप्तर 1595 पासूनचं आहे. पेडणं तर 1788 पर्यंत सावंतवाडीकडे होतं, त्यामुळे आपल्या भागाचे जुने कागद मोडीतही असतात, मोडी वाचणारं कुणी बरोबर असेल तर पणजोबांच्या मागच्या पिढ्याही कदाचित लागतील. पण ते नंतर. आधी आत्या, फोटो आणि कार्ड.

प्रश्न: आजोबा पी अँड ओ कंपनीत बटलर होते. त्यांचं सीडीसी, म्हणजे खलाशाच्या सफरींच्या नोंदीचं पुस्तक, सापडलं पण पानं चिकटलीत आणि बुरशी आलीये. लॅमिनेट करून घेऊ का?
— एक वाचक, कुंकळ्ळी

उत्तर: नको, अजिबात नको! लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात गेला की परत काढता येत नाही, सेलोटेपचंही तेच. पानं ओढून सोडवू नका. पंख्याखाली, सावलीत, कोरड्या दिवसात हळूहळू सुकू द्या, उन्हात ठेवू नका, शाई उडते. बुरशी मऊ ब्रशने घराबाहेर झाडा, तोंडाला मास्क लावून. जी पानं आपणहून सुटतात त्यांचे फोटो आधी काढून घ्या, खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असं धरलंत तर दाबून मारलेले शिक्केही दिसतात. बाकीच्यासाठी पुराभिलेख खात्यात विचारा, जुने कागद कसे हाताळायचे हे तिथे लोकांना माहीत असतं. पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात आत पाणी सुटतं.

आणि ते वाचायचं कसं तेही सांगतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक सफर. बोटीचं नाव, तिचा नंबर, कुठे चढले, कुठे उतरले, तारखा, हुद्दा आणि शेवटी वागणुकीचा शेरा, व्हीजी म्हणजे व्हेरी गुड. या ओळी एका वहीत सालाप्रमाणे उतरवून काढा आणि मधे जिथे मोठी गॅप दिसेल तिथे घरच्यांना विचारा, त्या काळात ते गावी होते की मुंबईत. गावच्या कुडीत, म्हणजे मुंबईत गोंयकारांनी गावागावाप्रमाणे चालवलेल्या उतरायच्या जागेत, उतरत असतील तर धोबीतलावच्या बाजूला तुमच्या गावची कूड अजून आहे का बघा, काही कुडींकडे जुनी रजिस्टरं आहेत. बोटीवर जाताना लोक आपली ट्रंक तिथेच ठेवून जायचे. नॅशनल युनियन ऑफ सीफेरर्स ऑफ इंडियाची सुरुवातही मुंबईतल्या अशाच एका गोंयकार क्लबातून, 1896 साली झाली.

प्रश्न: माझ्या आईचे मामा दारा बोटीवर होते, 1961 ला गेले. वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर नाव नाही. का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: कारण ते युद्धातलं मरण नव्हे. ती यादी दुसऱ्या महायुद्धासाठी 31 डिसेंबर 1947 ला थांबते. दारावर 8 एप्रिल 1961 ला दुबईजवळ स्फोट झाला, 238 माणसं गेली आणि ओढून नेताना 10 तारखेला बोट बुडाली. ब्रिटनमध्ये चौकशी झाली, तिचा रिपोर्ट 1962 चा आहे. समुद्रावर मेलेल्या प्रवाशांची आणि खलाशांची रजिस्टरं क्यूला बीटी 334 या मालिकेत 1972 पर्यंत आहेत, तिथे दाराचं नाव आणि तारीख देऊन विचारा. आईचे मामा 1961 ला गोव्याचे म्हणजे पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंदलेले असतील की हिंदी म्हणून, हे आधीच सांगता येत नाही, दोन्ही धरून शोधा. क्रू लिस्टसाठी वर सांगितलेलं न्यूफाउंडलंडचं अर्काइव्ह आहेच.